तेराव्या महिन्याची वाटणी

बायनाबाईचा नवरा गेला, त्याचे दिवस उरकले, आणि पाहुणे अजून ओट्यावर पानाला चुना लावत बसलेले असतानाच रामकिसन आणि आश्रुबानं वाटणी मागितली. शिरूर कासारच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला ही वस्ती. दोघं भाऊ ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं, पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. वाटायला फार काही नव्हतं, पण जे होतं ते त्यांनी काटेकोर वाटलं. माळरानात बांध पडला. घराच्या मधोमध भिंत आली. बापाची मेंढरं निम्मी इकडं, निम्मी तिकडं झाली. पाटा थोरल्याकडं गेला आणि वरवंटा धाकट्याकडं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत वाटण म्हणून काही वाटता येईना, पण न्याय झाला.

सगळं संपल्यावर आई उरली. पंच म्हणून बसले होते आप्पाराव, सोसायटीचे चेअरमन. सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची, आणि टंचाईत टँकर आधी कोणत्या वस्तीवर जाणार हेही त्यांच्याच तोंडून ऐकायचं. त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? माघ ते आषाढ रामकिसन. श्रावण ते पौष आश्रुबा. सहा-सहा महिने. आई दोघांची, तर दोघांनीबी निम्मी-निम्मी सांबाळायची." सगळ्यांनी माना हलवल्या. बायनाबाईला कुणी विचारलं नाही. पाट्या-वरवंट्यालाही विचारलं नव्हतं.

तशी व्यवस्था बरी चालली. आषाढी आवसेला बायनाबाई आपलं गाठोडं उचलायची आणि भिंतीला वळसा घालून धाकट्याच्या दारात जायची. पौषातल्या आवसेला दोघं भाऊ वेगवेगळ्या कारखान्यांवर असायचे, तेव्हा आश्रुबा तिला यष्टीत बसवून द्यायचा आणि रामकिसन उतरवून घ्यायचा. ती कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीपुढं बसून नातवंडं राखायची, भाकरी थापायची, बैलांपुढं उसाचं वाढं टाकायची. हात हलत होते तोवर दोन्ही सुना तिला आत्याबाई म्हणायच्या.

मग दोन वर्षांनी धोंड्याचा महिना आला. पंचांगात तिसऱ्या वर्षी एक महिना जादा येतो, त्याला शहाणे लोक अधिक म्हणतात आणि आमच्याकडं धोंडा म्हणतात. त्या महिन्यात लग्न नाही, मुहूर्त नाही, नवं काही धरायचं नाही. फक्त जावयाचे लाड करायचे, त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. त्या वर्षी श्रावणच दोनदा आला, आधी धोंड्याचा आणि मग खरा. पाऊसही तसाच आला, पेरणीपुरता. कापूस बोटभर वर आला आणि पावसानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. दुष्काळात तेरावा महिना, असं आपण येताजाता म्हणतो. बायनाबाईच्या पाठीत ही म्हण जशीच्या तशी येऊन बसली.

आषाढ सरला त्या सकाळी थोरली सून छबुबाईनं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि मागून झाडूनही घेतलं. बायनाबाई वळसा घालून धाकट्याच्या दारात गेली. आश्रुबा दारातच दात घासत बसला होता, तो उठला नाही.

"आई, श्रावण कुठं लागलाय आजून?" तो म्हणाला. "ह्यो धोंडा हाय. धोंड्यात नवं काय धरत न्हाईत. माजा श्रावण पुढल्या आवसेनंतर."

ती परत वळसा घालून आली. रामकिसन म्हणाला, "आषाढ सरला. माजे सहा भरले. सातवा कावून करू? तो करतो का कवा सातवा?"

दोघांचंही बोलणं खोटं नव्हतं, हीच तर गंमत. दोघं भांडत आप्पारावांकडं गेले. आप्पारावांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. वाटणी करताना आपण तेरावा महिना विसरलो, हे कबूल करणारा माणूस चेअरमन होत नसतो. ते म्हणाले, "दोघंबी तुमच्या जागी बराबर हाईत. एका महिन्याचा तर सवाल हाय. बायनाबाई, तुमाला पंच्याहत्तरीची यष्टी फुकट हाय ना? मग हिंडून या की. धोंड्यात देवदर्शनाचं लई पुण्य आसतं."

बायनाबाईचं खरं वय देवाला ठाऊक. आधार कार्ड काढणाऱ्या पोरानं तिच्या तोंडाकडं बघून आकडा टाकला होता आणि तो पंच्याहत्तरीच्या पुढं गेला होता. त्या आकड्यानं तिला गाडीत जागा दिली. गावातल्या कुणाच्या काळजात मात्र तिला तेवढीही जागा मिळाली नाही, हे मी स्पष्टच सांगते.

ती बीडला गेली. बीडवरून अंबाजोगाईला, तिथून परत, मग चौसाळ्याला, तिथून परत. गाडी हलली की खिडकीला डोकं टेकून झोपायचं, गाडी थांबली की उतरायचं आणि फलाटावर लागलेली दुसरी गाडी धरायची. दिवसभर तिच्या डोक्यावर पत्रा असायचा आणि बुडाखाली शीट. रात्री स्टँड. पहिल्या आठवड्यात ती लाजून तोंडावर पदर घेऊन बसायची. मग तिला कळलं की स्टँडवर आपल्याकडं कुणी बघतच नाही, आणि तिनं पदर काढला.

तिथं तिला तात्याबा भेटला. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. बघणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी घरचा कारभारी लग्नाला निघालाय. तो दोन वर्षं यष्टीत राहत होता. त्यानं तिला या धंद्याची रीत शिकवली.

"एका गाडीत लागोपाठ दोनदा बसायचं न्हाई," तो म्हणाला. "कंडक्टर वळखला की इचारतो. आन इचारलंच, कुठं निगालात, तर लेकीचं गाव सांगायचं. लेकीकडं जाणाऱ्या म्हातारीला कुणी उठवत न्हाई."

"आन बाप्यानं काय सांगायचं?"

"बाप्यानं दवाखाना सांगायचा."

स्टँडावर असे बरेच म्हातारे-म्हाताऱ्या साचल्यावर साहेब लोकांना काळजी वाटू लागली. प्रवाशांच्या तक्रारी होत्या. एका स्टँडवर बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे बसवले, म्हणजे माणसाला बसता यावं आणि आडवं होता येऊ नये. दुसऱ्या एका स्टँडवर दिवस मावळला की वॉचमन फरशीवर पाण्याच्या बादल्या ओतायचा, म्हणजे कुणी पथारी टाकायला नको. ज्या मुलखात बायका टँकरमागं हंडे घेऊन पळत होत्या, त्या मुलखात म्हाताऱ्यांना उठवायला पाणी मिळत होतं. तात्याबा ओल्या फरशीच्या कडेला उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "मागल्या दुष्काळात आमच्याकडं जनावरांची छावणी काढलती. सावली, चारा, पाणी, डाक्टर. बैलाला समदं हुतं. आपन शेपटी न्हाई म्हणून गेलो बघ."

बायनाबाई हसायची. तिला वाटायचं, तात्याबाचं वेगळं, त्याला कायमचंच काढून दिलंय. आपली एका महिन्याची गोष्ट. आवस झाली की खरा श्रावण लागणार आणि आश्रुबाचं दार उघडणार. ती रोज कुणाला तरी विचारायची, "बाबा, आज तिथ कोन्ती?" लोकांना वाटायचं, म्हातारी उपासतापासवाली आहे.

लेकीचं गाव, लेकीचं गाव असं सांगून सांगून एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, ती खरंच घाटनांदूरला उतरली. तिची लेक केसरबाई तिथं दिली होती. दोन दिवस पोटात धड काही नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण, आईला लेकीकडं जायला कारण लागत नाही, असं तिला अजूनही वाटत होतं.

दारात केसरबाईची सासू दगडाबाई तांदूळ निवडत बसली होती. "आगं बया, इहीनबाई!" ती उठली. "धोंड्याचं वाण घिऊन आलात वाटतं जावयाला!" आणि तिची नजर सरळ गाठोड्यावर गेली. धोंड्याच्या महिन्यात सासू रिकाम्या हातानं जावयाच्या दारात येत नसते. गाठोड्यात एक जुनं लुगडं आणि एक जर्मनची ताटली होती.

केसरबाई आतून आली. तिनं आईचे पाय बघितले, कळकट लुगडं बघितलं आणि तिला सगळं उमगलं. ती घाईनं म्हणाली, "वाण न्हाई, आई बोलवायला आलीय. धोंडे खायला. दोघा भावांनी मिळून सांगावा धाडलाय."

बायनाबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय. बोलवायलाच आले. जावईबापूंनी शेवटच्या ऐतवारी यायचंच."

जावई खुश झाला. त्या घरात तिला पोटभर जेवण मिळालं, कारण ती आमंत्रण घेऊन आली होती. सकाळी केसरबाई तिला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. आई, तू कुठं राहतीस, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ती एवढंच म्हणाली, "परत अशी येऊ नगंस. ह्या घरात माजी काय किंमत ऱ्हाईल मग?"

आता जावयाला बोलावलं होतं आणि बोलावणारीला घर नव्हतं. बायनाबाई वस्तीवर गेली आणि भिंतीच्या टोकाशी, दोन्ही दारांना ऐकू जाईल अशी उभी राहून तिनं सांगितलं. रामकिसन तर अंगावरच आला. "कुणी सांगितलतं तुला? कुणाच्या जिवावर बोलावलंस?" आश्रुबानं कपाळ बडवून घेतलं. पण जावयाला दिलेलं धोंड्याचं आमंत्रण मागं घेता येत नाही. घेतलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आई स्टँडवर ओल्या फरशीच्या कडेला बसली तरी तोंड दाखवायला जागा राहते.

मग त्या घरात दोन वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. भाऊ-भाऊ एकत्र बसले. थोरल्याकडचा पाटा अंगणात आला, धाकट्याकडचा वरवंटा आला, आणि पुरण वाटायला बायनाबाईला बसवलं. आप्पारावांनी टँकरमधला एक बॅरल खास पाठवला आणि जेवायला आपण स्वतः येतो असा निरोपही पाठवला. छबुबाईनं तिला नहाणीत बसवून पाणी घातलं, केसांना तेल लावलं, पेटीतलं स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. "तशा आवतारात जावयापुढं येऊ नका, आत्याबाई," ती म्हणाली.

आदल्या दिवशी, पुरणाची डाळ निवडताना, आश्रुबा तिच्याजवळ येऊन बसला. तो मनानं वाईट नव्हता, फक्त दुसऱ्या कुणासाठी कधी वाईटपणा घेत नव्हता. म्हणाला, "दोन-तीन दिस तर ऱ्हायलेत आवसेला. उद्या जेवनं झाली की आतच टाक पथारी. कशाला परत जातीस."

बायनाबाई लगेच उठली. तिनं जुनं लुगडं धुऊन धाकट्याच्या दोरीवर वाळत घातलं. त्याच्या घरातल्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला, गाठोडं ठेवून आली. मग परत येऊन तिनं पुरण असं वाटलं, की जन्मात वाटलं नसेल.

ऐतवारी जावई आला, केसरबाई आली. जावयाला पाटावर बसवलं, टोपी-टॉवेल दिला, तेहतीस अनारशांचं वाण दिलं. आप्पाराव शेजारच्या पाटावर. धोंड्यांवर तुपाची धार पडली. जावई चवीनं जेवला. चौथा धोंडा फोडताना त्यानं मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं,

"सासूबाई, एक इचारायचं हुतं. आमच्या गावचा एक जण कंडक्टर हाय. तो मला म्हनला, तुजी सासू यष्टीत ऱ्हाती. बीडच्या स्टँडवर झोपती. मी म्हनलं, कायबी काय बोलतो बे, दोन-दोन लेक हाईत तिला. खरं काय ते सांगा. माजं गावात हासू व्हायला लागलंय."

वाढणाऱ्या सुनांचे हात थांबले. रामकिसननं ताटाकडं बघितलं. आश्रुबाची मान इतकी खाली गेली की फक्त टाळू दिसत होता. केसरबाई चुलीपाशी होती, तिथून ती आईकडं बघत होती. आप्पारावांनी मात्र जेवण थांबवलं नाही.

बायनाबाईच्या हातात तुपाची वाटी होती. खरं सांगितलं असतं तर? तर जावई पाटावरून उठला असता, भरल्या ताटावरून जावई उठला म्हणून मुलूखभर झालं असतं, लेकांची तोंडं काळी झाली असती आणि केसरबाईला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्या दोघांची तोंडं काळी व्हायलाच हवी होती, असं मला विचाराल तर मी म्हणेन. पण मला कुणी विचारत नव्हतं.

ती हसली. "ऱ्हाती कशाची, हिंडते बाबा!" ती म्हणाली. "ही लेकरं नगं नगं म्हनतात. गेलते तर दोघंबी हुडकीत आले. मीच ऐकत न्हाई. समदा जलम मेंढरामागं गेला माजा, एका जागी जीव रमत न्हाई. घरात कोंडल्यावानी हुतं. यष्टीत कसं, वारं लागतं, चार मानसं भेटतात. फुकट हाय, तर बघून घेते मुलूख."

जावयाच्या कपाळावरची आठी गेली. "आसं हाय व्हय," तो म्हणाला आणि पाचवा धोंडा घेतला. बायनाबाईनं त्यावर तुपाची धार धरली.

ती आत जाणार एवढ्यात आप्पाराव बोलले. त्यांनी ताटात हात धुतला, ढेकर दिली आणि म्हणाले, "बघा! आन आमी उगंच मनाला लावून घेत हुतो. मला तर त्या तेराव्या महिन्याचं लई डाचत हुतं. पर म्हातारीलाच जर आवडत आसंल, तर वाटणीच नीट लावून टाकू. सहकार म्हंजे दुसरं काय हो? वझं एकाच्या डोस्क्यावर द्यायचं न्हाई, समद्यांनी मिळून उचलायचं. दोन हे लेक, तिसरं सरकार. चार-चार महिने."

"म्हंजे कसं?" रामकिसननं विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला होता.

"चैत्र ते आषाढ तू. मार्गशीर्ष ते फाल्गुन आश्रुबा, म्हंजे कारखान्यावर त्याचं लेकरू राखायला आई घावती. आन श्रावण ते कार्तिक यष्टी. धोंडा कवाबी येऊ दे, तो यष्टीच्या वाट्याला. भांडनच मिटलं." ते जावयाकडं वळले. "कसं वाटतं पाव्हनं?"

जावई म्हणाला, "न्यायाचं हाय."

छबुबाईनं पदरानं तोंड पुसलं. धाकट्या सुनेनं नवऱ्याकडं बघितलं आणि आश्रुबानं मान वर केली. बायनाबाई म्हणाली, "आवो पर..." पण त्या 'पर'च्या पुढं जे होतं ते जावई पाटावर असताना बोलता येण्यासारखं नव्हतं. ती तिथंच थांबली, आणि तिच्या थांबण्याला सगळ्यांनी होकार समजला.

हात धुवायला आश्रुबा बाहेर आला तेव्हा तिनं त्याला गाठलं. हळूच म्हणाली, "आरं, आवसेनंतर श्रावण. तुज्याकडं ना रं? काल तूच म्हनलास."

"काल म्हनलो व्हय," तो म्हणाला. "पर आता पंचाचं ठरलं. आन तूच तर म्हनलीस, घरात कोंडतं म्हणून. मार्गशीर्षात ये ना कारखान्यावर. मी उतरवून घ्यायला येतो की."

"तवर?"

"तवर यष्टी, आई," आश्रुबा म्हणाला. आणि मग त्यानं एक केलं, ते फार मायेनं केलं. दोरीवरचं वाळलेलं लुगडं स्वतः काढलं, घडी घातली, पोत्यांच्या आडोशाचं गाठोडं आणलं, त्यात लुगडं ठेवलं आणि वर फडक्यात बांधून चार धोंडे ठेवले. छबुबाईनं आपलं नेसवलेलं लुगडं मात्र परत मागून घेतलं.

दिवस कलायच्या आत जावयाची गाडी होती. सगळी वस्ती पोचवायला आली. रामकिसन जावयाला म्हणाला, "सासू हाय तुमच्या सोबतीला बीडपोतर." जावयाला बरं वाटलं. गाडीत त्यानं शेजारच्या माणसांना हसून सांगितलं, आमच्या सासूला हिंडायची लई हौस, दोन लेक हातापाया पडतात पण ऐकत नाही. लोक हसले. जावई हसतोय म्हणून बायनाबाईही हसली.

बीडच्या स्टँडवर अंबाजोगाईची गाडी लागलेली होती. जावई जागा धरायला पुढं पळाला. केसरबाई वाणाची पिशवी छातीशी धरून आईपाशी थांबली. पलीकडं तात्याबा काठी टेकून उभा होता. त्यानं ओळखीची मान हलवली, ती केसरबाईनं बघितली. तिच्या तोंडाचा रंग उतरला.

"आई," ती म्हणाली, "खरं सांग. तुला खरंच आवडतं का गं हे?"

बायनाबाईनं लेकीकडं बघितलं. लेकीला कोणतं उत्तर हवंय, ते तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. पुढच्या दारातून जावई हाक मारत होता, जागा मिळाली म्हणून.

"व्हय गं," ती म्हणाली. "लई आवडतं."

केसरबाईचा जीव भांड्यात पडला आणि ती गाडीत चढली.